आधी फूट मोजा, मग पिक्सेल

टीव्ही घ्यायचा ठरला की ओळखीतलं कुणी ना कुणी मला विचारतंच, "फोर-के घेऊ की फुल एचडीत भागेल?" ही नावं पडद्यावर किती बारीक ठिपके, म्हणजे पिक्सेल, आहेत त्यावरून पडलीत; फोर-केत ते जास्त. मी उलट विचारते, "टीव्हीपासून किती फुटांवर बसता?" बहुतेकांना ते सांगता येत नाही. तुम्हीही विचारलंत म्हणून आज सगळं नीट लिहिते.

आधी एक करून बघा. कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने एक मिलिमीटर जाडीच्या दोन उभ्या रेघा ओढा, मधे एक मिलिमीटरच जागा सोडा. कागद डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवा आणि त्याच्याकडे बघत एकेक पाऊल मागे जा. सहा-सात फुटांवर रेघा स्वच्छ दोन दिसतात. मग मधली पांढरी फट राखाडी व्हायला लागते, आणि अकरा फुटांच्या आसपास दोन्ही मिळून एकच जाड रेघ उरते. नजर तेज असेल तर आणखी थोडं मागे जाता येतं, चष्म्याचा नंबर असून चष्मा नसेल तर फट बरीच आधी बुजते.

डोळ्याला वस्तूची लांबी-रुंदी कळत नाही, ती डोळ्याशी किती कोन करते ते कळतं. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. चांगल्या नजरेला साधारण एवढ्या कोनापर्यंतचा बारकावा वेगळा ओळखता येतो. डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता याच हिशोबावर बेतलेला आहे. हेर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने तो १८६२ साली केला. त्यातली ६/६ची ओळ सहा मीटरवरून बघितली तर प्रत्येक अक्षर पाच कला उंच भरतं आणि त्याची रेघ एक कला जाड.

आता हेच टीव्हीला लावा. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, म्हणून ४३ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीत त्या रुंदीत १९२० पिक्सेल बसतात, म्हणजे एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा. तो साडेपाच फुटांपलीकडे वेगळा दिसेनासा होतो. ५५ इंचीला हेच अंतर सात फुटांच्या थोडं पुढे जातं, ६५ इंचीला साडेआठच्या जवळ. तुम्ही नऊ फुटांवर बसत असाल तर या तिन्ही मापांत फुल एचडीचे पिक्सेल तुमच्या डोळ्यांना आधीच एकजीव झालेले असतात. त्या जागेवरून फोर-केचा जादा बारकावा कामी यायला पडदा सत्तर इंचांच्या आसपास हवा.

इथे लोक हमखास अडतात. फोर-केत पिक्सेल चौपट असतात, वीस लाखांचे त्र्याऐंशी लाख होतात. मग चित्र चौपट स्पष्ट नको का दिसायला? पण ते आडवे दुप्पट आणि उभे दुप्पट असतात. प्रत्येक पिक्सेलची रुंदी निम्मी होते, म्हणून तो ओळखू येण्याचं अंतरही निम्मं होतं. ५५ इंची फोर-केचा सगळा बारकावा टिपायचा तर साडेतीन फुटांवर बसावं लागेल. आठ-केत पिक्सेलची रुंदी फोर-केच्याही निम्मी; त्याचं विचाराल तर ६५ इंचीपासून दोन फुटांवर. घरात तसं कोण बसतं? आठ-केवर जादा पैसे घालू नका, असं मी स्पष्ट सांगते.

दुकानात मात्र फरक डोळ्यांत भरतो, कारण तिथे आपण पडद्यापासून दोन-अडीच हातांवर उभे असतो. शिवाय तिथे लावलेले नमुने अतिशय स्वच्छ असतात. घरी इंटरनेटवरून येणारं चित्र पाठवताना इतकं दाबलेलं असतं की पिक्सेल भरपूर असूनही झाडाची पानं एकमेकांत मिसळून जातात.

याचा अर्थ फोर-के घेऊच नका, असा नाही. मोठ्या मापांत आता बहुतेक टीव्ही फोर-केच असतात, आणि तिरप्या रेघेवर पिक्सेलमुळे पडणारी बारीक पायरी डोळा एका कलेपेक्षाही सूक्ष्म ओळखतो. माझं म्हणणं एवढंच की पैसे पिक्सेलच्या आकड्यासाठी घालवण्याआधी खुर्ची पुढे ओढा. मी ५५ इंचीसमोर अकरा फुटांवर बसायचे. सात फुटांवर आले, तर म्हाताऱ्या नटाच्या कपाळावरच्या आठ्या एकेक वेगळ्या दिसल्या. आणि एवढ्याशा मोबाईलवर चित्र कसं पुरतं याचं नवल वाटत असेल तर हेही बघा: एक फुटावर धरलेला सहा इंची पडदा डोळ्यांना जेवढा भासतो, तेवढाच नऊ फुटांवरचा ५४ इंची टीव्ही भासतो.

आईसाठी ४३ इंची टीव्ही आणला तेव्हा ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "हा पुसट दिसतोय गं." मी सेटिंग बदलून बघितली, वायर बदलली, रंग कमी-जास्त केले. शेवटी तो रेघांचा कागद टीव्हीखाली चिकटवला आणि तिला समोर उभं केलं. पाच फुटांवरून ती म्हणाली, "एकच तर रेघ आहे." दुसऱ्या दिवशी डोळे तपासून आणले, तर चष्म्याचा नंबर बदललेला निघाला. नवा चष्मा लावून ती आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली आणि बातम्यांखालची सरकती पट्टी मोठ्याने वाचायला लागली. तो कागद तिने अजून काढू दिलेला नाही. घरी कुणी आलं की आधी त्याला त्या रेघा मोजायला लावते.