शिळ्या पावाचं गोत

म्युनिकच्या सुपरमार्केटात पावाच्या फळीवर एक पारदर्शक पिशवी हमखास दिसते. आत कडकडीत वाळलेल्या पावाचे तुकडे. नाव क्न्योडलब्रोट, म्हणजे क्न्योडलसाठीचा पाव. आणि क्न्योडल म्हणजे पाण्यात शिजवलेला गोळा. दुकानदार पाव शिळा करून, कापून, वाळवून विकतो आणि गिऱ्हाईक तो पैसे मोजून घरी नेतं. पुण्यात कुणी 'फोडणीच्या पोळीसाठी खास शिळ्या पोळ्या मिळतील' अशी पाटी लावली, तर त्या दुकानापुढे गर्दी जमेल ती फक्त हसायला. इथे कुणी हसत नाही. ताज्या मऊ पावाचे क्न्योडल उकळत्या पाण्यात टाकले की त्यांची लापशी होते. पाव वाळलेलाच हवा, तरच तो दूध आणि अंडं पिऊन घेतो आणि गोळा धरून राहतो.

युरोप बघायला येणारी आपली मंडळी राजवाडे बघतात, चर्चची शिखरं बघतात, घड्याळातून बाहेर येणाऱ्या बाहुल्या बघतात. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मीही तेच दाखवते. पण मला विचाराल तर या मुलखाचा वारसा कालच्या पावात आहे. जर्मनीने 2014 साली आपली पाव-संस्कृती देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. पावांचे 3000हून जास्त प्रकार नोंदवले गेलेत म्हणे. त्यातला राय नावाच्या धान्याचा आंबट, जड पाव आठवडाभर तग धरतो. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या या प्रांतात, सकाळी खातात तो छोटा पाव, झेमेल, मात्र गव्हाचा. सकाळी कुरकुरीत, संध्याकाळी चामट, दुसऱ्या दिवशी कुणाला फेकून मारावा असा.

आणि तसा तो मारलाही आहे, क्न्योडल करून. डॅन्यूबकाठच्या डेगेनडोर्फ गावात एका कारंज्यावर हातात क्न्योडल घेतलेल्या बाईचा पुतळा आहे. दंतकथा अशी की 1266 साली बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेकियातल्या, ओटोकार राजाने गावाला वेढा घातला. गावातलं धान्य किती उरलंय हे बघायला एक हेर तटावर चढला, तर नगराध्यक्षांच्या बायकोने हातातला क्न्योडल त्याच्या तोंडावर भिरकावला. हेराने परत जाऊन सांगितलं, यांच्याकडे अन्न इतकं उतू जातंय की ते फेकून मारतात. वेढा उठला. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. बोहेमियाच्या माणसाला हाणायला हत्यार मिळालं ते क्न्योडल! आज चेक लोकांच्या रविवारच्या ताटातून काही काढायची कुणाची छाती होणार नसेल, तर ती हाच पदार्थ.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. आजी मी त्यांना मनातल्या मनात म्हणते. तोंडावर फ्राउ, म्हणजे श्रीमती, आणि आडनाव, एवढ्या वर्षांनीही. त्यांचे आईवडील एगरलँडचे, म्हणजे आजच्या चेकियातल्या खेब शहराच्या आसपासचे. नाझींनी चेकोस्लोव्हाकिया गिळला, पुढे युद्ध हरले, आणि 1945-46 मध्ये तिथल्या सुमारे 30 लाख जर्मनभाषकांना घरंदारं सोडून निघावं लागलं. त्यातले पुष्कळजण बव्हेरियात आले. सामान मोजकंच आणता येत होतं, पाककृतींना वजन नसतं. आजींच्या स्वयंपाकघरात त्यामुळे दोन्हीकडचे क्न्योडल होतात.

बव्हेरियन असतील त्या दिवशी त्या झेमेलच्या पातळ चकत्या करतात आणि त्यावर कोमट दूध ओततात. बुडेल इतकं नाही, ओलावेल इतकंच. कांदा आणि पार्सली लोण्यात परतून, अंडी, मीठ, किसलेलं जायफळ. मग झाकून ठेवायचं आणि त्याकडे बघायचंसुद्धा नाही. हात ओले करून गोळे वळतात तेव्हा तळव्यांत ते असे फिरवतात की वरचा पापुद्रा गुळगुळीत होतो. भेग राहिली की पाणी आत शिरणार. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही, नुसतं थरथरत ठेवायचं. क्न्योडल वर येऊन आळसावल्यासारखे कलंडू लागले की झाले.

बोहेमियन असतील तर सगळं निराळं. मैद्याची यीस्ट घालून फुगवलेली कणीक, तिच्यात पावाचे तुकडे, आणि आकार गोल नाही तर लांबट लोडासारखा. शिजून बाहेर काढला की लगेच काट्याने टोचायचा, वाफ जाऊ द्यायची, नाहीतर तो बसतो. आणि कापायला सुरी नाही, दोरा. आजी शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा लोडाखालून सरकवतात, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून फुलीसारखी ओढतात, आणि चकती न दबता अलगद सुटते. सुरीने ती चेपते. प्राग-पिल्सेनच्या खाणावळींत याच चकत्या स्विच्कोवाच्या ताटात गोमांसाशेजारी, गाजर-सेलरीच्या मलईदार रश्शात पडलेल्या असतात. रस्सा पुसून घ्यायला जगात यापेक्षा चांगली वस्तू नसावी. भात याच्या जवळपास येतो, असं मी आजींना एकदा म्हणाले. त्यांनी नम्रपणे विषय बदलला.

शाकाहारी माणसासाठी एक व्यवहारी सूचना. बव्हेरियन खाणावळीत यादीभर डुक्कर असतं, पण कुठेतरी एका ओळीत मलईतल्या अळंब्यांबरोबर झेमेलक्न्योडल सापडतोच. ती ओळ शोधा. 'लेबर' लागलेला क्न्योडल मात्र टाळा, त्यात कलेजी असते. उत्तरेला थुरिंगियात बटाट्याचे क्न्योडल करतात, पण त्यांच्याही पोटात पावाचे तळलेले तुकडे दडवलेले असतात. पाव काही पाठ सोडत नाही.

म्युनिकहून दक्षिणेची गाडी इन्सब्रुकवरून ब्रेनरची खिंड ओलांडते आणि बोल्झानोला उतरवते. हा दक्षिण टिरोल पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ऑस्ट्रियाचा होता. 1919 च्या तहात तो इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. आज पाट्यांवर दोन्ही नावं नांदतात, बोल्झानो आणि बोझेन. तसेच खाण्याच्या यादीत क्न्योडल आणि कानेदेर्ली. गोळा तोच, पण सीमा ओलांडल्यावर त्याची बढती झालेली. बव्हेरियात तो भाजलेल्या डुकराशेजारी तोंडीलावण्यासारखा बसतो. इथे इटालियन रीतीने जेवणाचा पहिला मान त्याचा, पास्त्याच्या जागी, वितळलेलं लोणी आणि पार्मेसान अंगावर घेऊन. पालकाचा हिरवा, चीजचा पिवळट, बीटचा गुलाबी अशा रंगांत. बव्हेरियन, बोहेमियन आणि हा टिरोलचा, तिघांत मला हाच सगळ्यात आवडतो. आजींना सांगू नका. एक नियम सगळीकडे सारखाच पाळतात. गोळ्याला सुरी लावायची नाही, काट्याने फोडायचा. सुरी लावली म्हणजे क्न्योडल कडक झालाय असं रांधणारीला ऐकवल्यासारखं होतं.

बोल्झानोजवळ एपानच्या वर होखएपानचा पडका किल्ला आहे. द्राक्षमळ्यांतून चढून गेलं की आतल्या चिमुकल्या देवळात साधारण 1200 च्या सुमाराची भित्तिचित्रं दिसतात. येशूचा जन्म झालाय, मारिया बाळंतीण, पलंगावर आडवी. तिच्या पायथ्याशी एक बाई चुलीपुढे उकिडवी बसलीय. भांड्यात गोळे, आणि त्यातला एक तिने स्वतःच तोंडाशी नेलाय. क्न्योडल खाणारी बाई म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्या गोळ्यांत नेमकं काय घातलंय हे चित्रकारालाच ठाऊक, पण टिरोलच्या लोकांना शंका नाही. मला ती फार आवडली. साक्षात देवाचा जन्म होतोय आणि हिला मीठ बरोबर पडलंय का याची काळजी.

मग व्हिएन्ना. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सुखवस्तू घरांत स्वयंपाकाला बोहेमियाच्या बायका असत. पिठाचे गोड पदार्थ व्हिएन्नाला चढले त्यात त्यांचा हात मोठा. उन्हाळ्यात वाखाउ खोऱ्यातल्या जर्दाळूंचे मारिलेनक्न्योडल करतात. बी काढून तिथे साखरेचा चौकोन ठेवायचा, वरून पीठ गुंडाळायचं, उकडायचं आणि लोण्यात खरपूस केलेल्या चुऱ्यात घोळवायचं. चुरा कसला? झेमेलचाच. तोच चुरा श्निट्झेलच्या, म्हणजे मांसाच्या पातळ तळलेल्या तुकड्याच्या, अंगावर, आणि तोच सफरचंदाच्या श्ट्रूडेलमध्ये, म्हणजे फळ भरलेल्या पातळ पिठाच्या गुंडाळीत, खाली पसरलेला, फळाचा रस शोषून घ्यायला. व्हिएन्नातून शिळा पाव काढून घेतला तर उघडं मांस आणि गळका श्ट्रूडेल एवढंच उरेल.

एवढं करूनही क्न्योडल उरतात. उरलेच पाहिजेत, म्हणून आजी जास्तच करतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चकत्या लोण्यात लाल परतायच्या, वर अंडं फोडायचं, शेजारी व्हिनेगरचं हिरवं सॅलड. शिळ्या पावाच्या शिळ्या गोळ्याचा हा पदार्थ व्हिएन्नाच्या खाणावळींत यादीवर रीतसर छापलेला असतो, आणि दुपारी उशिरा गेलात तर वेटर सांगतो, संपलाय.