गुरूवर जळलेली ऐंशी किलोची हीट शील्ड

शाळेत आम्हाला सांगितलेलं की यान वातावरणात शिरलं की हवेशी घासून तापतं, आणि मी कितीतरी वर्षं तेच धरून बसलो होतो. घर्षण असतंच थोडंफार, पण मुख्य उष्णता त्याची नव्हे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं ना, तसं काहीतरी, म्हणजे यान इतक्या वेगात घुसतं की समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती तिथेच दाबली जाते आणि भयंकर तापते.

यातलं मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारं उदाहरण म्हणजे गॅलिलिओ यानाचा प्रोब, म्हणजे मुख्य यानापासून सुटून ग्रहाच्या वातावरणात शिरणारं छोटं यान. ७ डिसेंबर १९९५ ला तो गुरूच्या वातावरणात शिरला, वेग सेकंदाला ४७ किलोमीटरच्या वर! पुढ्यातला वायू तापला साधारण १५,५०० अंश सेल्सिअसपर्यंत, सूर्याच्या पृष्ठभागाच्या दुपटीहून जास्त. आणि एवढा तापलेला वायू स्वतःच प्रचंड उजेड फेकतो, हीट शील्ड, म्हणजे प्रोबला उष्णतेपासून वाचवणारी पुढची ढाल, भाजली ती जास्त करून त्या उजेडाने.

अख्खा प्रोब ३३९ किलोचा, त्यात १५२ किलो नुसती पुढची शील्ड. कार्बन फिनॉलिकची, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या कार्बनच्या धाग्यांची, मुद्दाम जळायलाच बनवलेली. ती जळते, कोळसा होतो, आतून वायू बाहेर येतो आणि तोच वायू बाहेरची आग थोडी अडवतो. मिनिटभराच्या आत जवळपास ८० किलो शील्ड गेली.

आता मला खरं सांगायचंय ते पुढचं. शील्डच्या आत सेन्सर पुरले होते, शील्डबरोबर तेही झिजत जाणार आणि त्यांचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) बदलला की किती थर गेला ते कळणार, किती सुंदर कल्पना आहे ही. सगळ्यात जास्त धग नाकावर, म्हणजे शील्डच्या पुढच्या टोकावर, म्हणून तिथे जाडी १४.६ सेंटीमीटर ठेवलेली, पण नाक अंदाजापेक्षा कमी झिजलं. खांद्याकडे, म्हणजे शील्डच्या कडेला मात्र, जिथे थर मुळातच पातळ होता, तो अंदाजापेक्षा बराच जास्त झिजला आणि जेमतेम उरला. नंतरच्या अभ्यासांत बोट दाखवलं गेलं ते तिथल्या खळबळत्या प्रवाहाकडे.

अपोलोच्या कॅप्सूल परत आल्या, त्यांची शील्ड कापून बघता आली. ही मात्र पॅराशूट उघडल्यावर सुटून खाली गुरूतच गेली, आपल्याकडे आले ते फक्त त्या सेन्सरचे आकडे.