मनगटातून हृदयाची बायोप्सी

आज कॅथलॅबमध्ये मनगटाच्या धमनीतून हृदयाची बायोप्सी झाली, म्हणजे तपासणीसाठी हृदयाच्या स्नायूचे बारीक कण काढले. अँजिओग्राफी तिथून रोजचीच, कॅनडाचे डॉक्टर कॅम्पो यांनी १९८९ मध्ये ती करून दाखवली तेव्हापासूनची वाट. बायोप्सी मात्र सहसा मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून, आणि त्या बाजूने उजवा कप्पाच गाठता येतो. डाव्या कप्प्याचा नमुना हवा तर धमनीच धरावी लागते.

काका टक्क जागे. "मॅडम, काळजाचा लचका तोडणार म्हणे?"
"लचका कसला काका, मोहरीएवढा कण!"

बायोप्टोमचा, म्हणजे कण तोडणाऱ्या लांब चिमट्याचा, इवलासा जबडा मिटून ओढला की मॉनिटरवर दोन-चार आगाऊ ठोके उमटतात. तेवढा वेळ कुणी बोलत नाही. डाव्या बाजूची गुठळी किंवा हवेचा बुडबुडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो, म्हणून रक्त गोठू नये यासाठी हेपारिन दिलेलं आणि कॅथेटर, म्हणजे आत सरकवलेली नळी, सारखी फ्लश करून धुतलेली. वेगवेगळ्या जागांचे पाच कण निघाले. मग हृदयाभोवती रक्त साठलं नाही ना, हे इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पाहिलं.

मनगटाला पट्टा बांधून काका उठून बसले, चहा मागितला. जांघेतून केलं असतं तर तासन्‌तास पाय सरळ ठेवून पडावं लागलं असतं. पण बारीक चणीच्या बायकांची धमनी पटकन आखडते. तिथे मनगटाचा हट्ट नको, असं माझं मत.