पुढून नाही, मागून बघ

"पुढून काय बघतेस? आधी मागून बघ!" आतेसासूबाईंनी माझ्या खांद्यावरचा ब्रोच काढून उलटा केला.

लग्नाला निघायच्या घाईत आजेसासूबाईंचा ब्रोच मी थेट पैठणीच्या पदरात खुपसला होता. जरीचा एक धागा सर्रकन ओढला गेला. (हो, रडू आलं.)

मागे साधा इंग्रजी सी सारखा उघडा आकडा, लॉक वगैरे काही नाही. सुई जाडजूड, आकड्याच्या बाहेर गव्हाच्या दाण्याएवढी डोकावणारी. "असा आकडा म्हणजे जुना माल. याचं वजन एकट्या पदराला पेलत नाही गं." त्यांनी खणाचा तुकडा दुमडून ब्लाउजच्या आतून धरला आणि पदर, ब्लाउज, खण असं तिन्हीतून सुई पार केली. रात्रीपर्यंत ब्रोच हलला नाही.

१८६० च्या दशकात रवींद्रनाथांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी टागोर मुंबईत पारशी बायकांची साडी बघून गेल्या आणि बंगालात डाव्या खांद्यावरच्या पदराला ब्रोच लागू लागला. आणि मी मुंबईचीच, सेफ्टीपिनवर वाढलेली!

घरी येऊन बघितलं तर कडेचा एक खडा नाहीये. आजचा नाही, जुनाच पडलेला. नवा बसवून घेऊ की तसाच राहू दे?