आमची वाटचाल: शेकापासून रबरी पट्ट्यापर्यंत

इचलकरंजीत फिजिओथेरपीचं क्लिनिक थाटलं तेव्हा भांडवल म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, कर्जावर घेतलेला ट्रॅक्शनचा (मान-पाठ ताणून धरण्याचा) पलंग आणि शेकाची यंत्रं. पेशंटची मात्र वानवा नव्हती. वहिफणी कामगार दिवसभर मान खाली घालून सुताचं एकेक टोक मागाच्या वहीतून, म्हणजे तारांच्या चौकटीतून, आणि फणीतून ओवतात. मेंडिंगच्या, म्हणजे विणलेल्या कापडातले दोष काढणाऱ्या बायका कापडावर वाकलेल्या. रोज यायचं, शेक घ्यायचा, बरं वाटलं की जायचं आणि महिन्याभरात मान धरली म्हणून परत यायचं. धंदा म्हणून झकास!

मग लोडशेडिंग सुरू झालं. यंत्रं बंद, बाकावर पेशंट. रिकामं कसं पाठवायचं, म्हणून व्यायाम करून घेऊ लागलो. उताणं झोपायचं, डोकं न उचलता हनुवटी हलकेच गळ्याकडे घ्यायची, ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच. दहा सेकंद धरायची, सोडायची. मणक्याला लागून असलेले आतले स्नायू यानं कामाला लागतात. जुनाट मानदुखीत बहुतेकदा तेच ढिले पडलेले असतात.

दोन महिन्यांत फरक दिसला, आणि भांडणही झालं. एक मावशी म्हणाल्या, “सगळं मीच केलं, मग पैसे कसले?”

उत्तर सुचलं नाही, म्हणून वाचायला बसलो. 2003 साली फिनलंडमध्ये मानदुखीच्या 180 नोकरदार बायकांवर वर्षभराचा अभ्यास झाला होता. रबरी पट्टा आणि डंबेल्सनी मान-खांदे बळकट करणाऱ्यांचं दुखणं नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा कितीतरी जास्त उतरलं. पुढे 2011 मध्ये डेन्मार्कमध्ये दिसलं, की पट्टा ओढून हात बाजूला उचलण्याचा व्यायाम रोज दोन मिनिटं, दहा आठवडे केला तरी फरक पडतो. हप्ते फेडण्याच्या नादात हे वाचायचं राहून गेलं होतं.

एक्स-रेचा धाक वेगळाच. ‘मणके झिजलेत’ ऐकलं की माणूस मान हलवायलाच घाबरतो. जपानमध्ये काहीच त्रास नसलेल्या 1211 जणांचं एमआरआय केलं, तर जवळपास 88 टक्क्यांच्या मानेच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. मीही त्या फिल्मा बघून काहींना महिनोन्‌महिने कॉलर बांधायला लावली, याची लाज वाटते.

रोजचा शेक बंद केला तसा गल्ला निम्म्यावर आला. बायको हिशेब ठेवते, तिनंच तोड काढली: पहिल्या दिवशी तासभर तपासणी आणि शिकवणी, नंतर आठवड्यातून एकदा, बारा आठवडे, सगळ्याची एकच फी. पट्टा खरेदीच्या भावात. हाताला मुंग्या, पकड सैल, चालताना तोल जाणं यातलं काही दिसलं तर फी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सगळेच बरे होतात असं नाही. निम्मे तर तिसऱ्या आठवड्यात घरी व्यायाम करणंच सोडतात, तेव्हा फोन करावा लागतो.

पलंग विकायला काढला, कुणी घेईना. आता त्यावर चटया आणि पट्ट्यांची खोकी असतात. माग दुरुस्त करणारे एक जुने जॉबर काका अजून विचारतात, “आज लाइट आहे, जरा शेक देता?” देतो पाच मिनिटं. आधी पट्टा ओढून झाला पाहिजे.