होता कुठे इतकी वर्षं?

म्युनिकहून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला साडेचार तासांनी ४५ मिनिटांची विश्रांती द्यावीच लागते, कायदाच आहे. आमचा कार्यक्रम टूर कंपनी ठरवत नाही, हा नियम ठरवतो. तेवढ्या वेळात मी ड्रेसडेनजवळच्या राडेबॉइलमध्ये मराठी ग्रुपला कार्ल माय या कादंबरीकाराचं घर दाखवतो. त्यातली पंधरा मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात.

उरलेल्या अर्ध्या तासात हशा मिळवायचा तर क्रम चुकून चालत नाही. आधी काचेतल्या तीन बंदुका. मायंच्या अमेरिकेत घडणाऱ्या कादंबऱ्यांमधला अपाची आदिवासींचा सरदार विनेटू, त्याची चांदीच्या खिळ्यांनी मढवलेली, त्याचा गोरा दोस्त ओल्ड शॅटरहँडची अस्वलं लोळवणारी, आणि न थांबता २५ बार काढणारी हेन्री. मग सांगायचं, की तो शॅटरहँड म्हणजे मीच, असं माय छातीठोकपणे सांगत; त्या वेशात फोटोही काढून घेत. लोक बंदुकांचे फोटो काढायला लागले, की हळूच म्हणायचं, पहिल्या दोन १८९६ साली इथल्याच कारागिराकडून बनवून घेतल्या. आणि शेवटी, साहेबांनी अमेरिकेत पाऊल टाकलं ते १९०८ साली, वयाच्या ६६व्या वर्षी. तेही नायगारापर्यंतच!

इथे हशा ठरलेला.

परवाच्या ग्रुपमधले एक काका हसले नाहीत. येरवडा कारागृहातून निवृत्त झालेले.

"मग तरुणपणी होता कुठे हा?"

"तुरुंगात, काका. चोऱ्या, फसवणूक. १८६५ ते ६८ ओस्टरश्टाइनला, पुन्हा १८७० ते ७४ वाल्डहाइमला." हेही मी विनोद म्हणूनच सांगतो.

"ग्रंथालयाचं काम दिलं असणार."

"दिलं होतं. तुम्हाला कसं कळलं?"

"लिहिता-वाचता कैदी आला, की दुसरं काय देणार?" ते बोटांवर मोजत होते. "म्हणजे सातेक वर्षांचा हिशोब द्यायचा होता त्याला. सुटून गावी गेलं, की पहिला प्रश्न तोच, होतास कुठे इतकी वर्षं? आमच्याकडचे दुबई सांगायचे. एकानं तर सुटायच्या आदल्या दिवशी मला विचारलं, साहेब, तिकडे उन्हाळ्यात कितपत तापतं?"

टूर लीडरनं शिट्टी मारली. या माणसाला शिट्टीपलीकडे काही वाजवता येत नाही. सगळे बसकडे पळाले.

काल दुसरा ग्रुप होता. मी तुरुंगापासून सुरुवात केली. बंदुकांपाशी पोहोचलो तरी कुणी हसेना.

"आज रंगलं नाही हो," टूर लीडर म्हणाला.