छोटा शिग्री: बांबूच्या काठ्या आणि चढतं पाणी

हिमाचलातल्या लाहौल भागात, छोटा शिग्री हिमनदीकडे जायला छत्रू गावाहून पहाटे साडेचारला निघायचं, असं ड्रायव्हरने रात्रीच बजावलं होतं. "नाला सोया हुआ है तब तक," एवढंच कारण. अंतर थोडं, मग ही घाई कशाला, असं पुटपुटत मी डोळे चोळत गाडीत बसलो. बातलच्या वाटेवर रस्ता म्हणजे धोंड्यांमधून काढलेली वाट. तिला दोन ठिकाणी आडवे नाले आले. दोन्ही घोट्याएवढे. गाडी सहज पार झाली. माझा मित्र मागच्या सीटवर गाढ झोपला होता. हिमनद्यांचा अभ्यास करणारी ही माणसं कुठेही झोपू शकतात, हे मला त्या आठवड्यात कळलं.

आदल्या दिवशी मनालीहून 9 किलोमीटरच्या अटल बोगद्यातून आलो होतो. ऑगस्टअखेर. बोगद्याच्या अलीकडे ढग, पाऊस, हिरवेगार उतार. पलीकडे कोरडं ऊन आणि उघडे कातळ. पीर पंजालची रांग पावसाळी ढगांना इथेच अडवते. लाहौलला बर्फ मिळतं ते मुख्यतः हिवाळ्यात, पश्चिमी विक्षोभांकडून, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेतून. मोसमी ढगांतलं थोडंफारच पलीकडे निसटतं.

छोटा शिग्री हिमनदी रस्त्यापलीकडे, चंद्रा नदीच्या दुसऱ्या काठाला आहे. तारेवरच्या पाळण्यात बसून नदी ओलांडायची. खाली राखाडी, गढूळ, गरजणारं पाणी. हा गढूळपणा हिमनदीने खडक दळून केलेल्या पिठाचा, असं मित्र ओरडून सांगत होता. मी मात्र तारेकडे बघत होतो.

हिमनदी म्हटलं की निळंशार, चकाकतं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. शिग्रीचं तोंड पाहून माझी साफ निराशा झाली. साधारण 4,070 मीटरवर दगडमातीचा एक मळकट ढिगारा, आणि त्याच्या बुडातून उसळणारा ओढा. बर्फ त्या ढिगाऱ्याखाली होतं. पुढे दोन-अडीच तास दगड तुडवल्यावर एकदाचं उघडं बर्फ लागलं आणि आम्ही बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दाते, बांधले. डोकं ठणकत होतं. हिमनदीची लांबी सुमारे 9 किलोमीटर. मी किती चाललो ते विचारू नका.

आणि मग ती काठी दिसली. बर्फात रोवलेली बांबूची काठी. मी इतक्या लांबून उपग्रह, लेझर, निदान काहीतरी लुकलुकणारं यंत्र बघायला आलो होतो. इथे मित्राने खिशातून मेजपट्टी काढली, काठीचा बाहेर आलेला भाग मोजला आणि आकडा वहीत टिपला. संपलं.

कामाची रीत अशी: वाफेच्या ड्रिलने बर्फात खोल भोक पाडायचं आणि तारेने जोडलेले बांबूचे तुकडे त्यात सोडायचे. बर्फ वितळून पृष्ठभाग खाली गेला की काठी तेवढी उघडी पडते. खालच्या उघड्या भागात वर्षाकाठी तीन-चार मीटर बर्फ सहज जातं. वर, जिथे हिवाळ्यातलं बर्फ उन्हाळ्यानंतरही टिकतं, तिथे खड्डा खणून थरांची जाडी आणि घनता मोजतात. घनता का? तर मीटरभर ताज्या भुरभुरीत बर्फात जेमतेम दहा सेंटिमीटर पाणी असतं आणि मीटरभर घट्ट हिमनदीच्या बर्फात नव्वद. सगळं पाण्यात बदलल्याशिवाय जमेला खर्चाशी ताडून पाहता येत नाही. अंतिम मोजणी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. आमची ही फेरी मधलीच.

हा हिशेब इथे 2002 पासून दरवर्षी चालू आहे. सरासरीने शिग्री दर वर्षी आपल्या सगळ्या पृष्ठभागावरून, पाण्याच्या हिशेबात, जवळजवळ अर्ध्या मीटरचा थर गमावते आहे. "पण काही वर्षं जमेचीही गेलीत, हे लिहायचं विसरू नकोस," मित्राने बजावलं. त्याला रडक्या बातम्यांची चीड आहे. दोन-चार वर्षांच्या आकड्यांवरून कोणीही काहीही सिद्ध करू शकतं, म्हणूनच कंटाळा न करता पुन्हा त्याच काठीपाशी यावं लागतं, असं त्याचं म्हणणं.

एका गोष्टीने मात्र मी चक्रावलो. तोंडाजवळच्या, दगडांनी झाकलेल्या काठ्या वरच्या काठ्यांपेक्षा कमी उघड्या पडल्या होत्या. खाली तर ऊब जास्त! कारण आमच्या पायाखालीच होतं. दगडमातीचा जाड थर गोधडीसारखा बर्फ झाकतो. तोच थर धुळीएवढा पातळ असला तर उलटं होतं: बर्फ काळवंडतं, ऊन शोषतं आणि लवकर वितळतं.

परतताना ओढ्यावर पाण्याची मोजणी पाहिली. उंची वाचायला पट्टी आणि वेग मोजायला लाकडाचा ठोकळा. तो पाण्यात सोडायचा, ठरलेल्या अंतरापर्यंत किती सेकंदांत पोचतो ते बघायचं. मी दोनदा घड्याळ उशिरा दाबलं, म्हणून माझ्याकडून ते काढून घेण्यात आलं. त्यांच्या वहीत सकाळचे आकडे लहान, दुपारनंतरचे मोठे. उन्हाने वितळलेलं पाणी वरून इथवर पोचायला काही तास घेतं.

ते वाचून ड्रायव्हर आठवला, पण वेळ निघून गेली होती. गाडीपाशी पोचलो तेव्हा चार वाजले होते. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला आता धोंडे गडगडवत वाहत होता. ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही. पाण्याच्या कडेला त्याने एक पांढरा दगड ठेवला, मागे येऊन बसला. वीस मिनिटांत दगड पाण्याखाली. "अभी और चढ़ेगा," तो म्हणाला. मित्राने वही उघडली आणि वेळ लिहून घेतली.

रात्र गाडीत काढली. पहाटे बॅटरी घेऊन बघायला गेलो, तर दगड कोरडा, आणि पाणी त्याच्यापासून चांगलं दोन पावलं मागे सरलेलं.